लॅम्डाची ओळ

हैदराबादेत मेहदीपट्टणमला पेट्रोल पंपाच्या कडेला पीयूसीची, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीची, व्हॅन उभी असते. सायलेन्सरमध्ये नळी जाते, कागद हाती येतो, आणि आपण तो घडी घालून गाडीच्या कप्प्यात टाकतो. मी तो वाचते. पेट्रोल गाड्यांसाठी देशभर ठरलेल्या नमुन्यातली एक ओळ मला दर वेळी थांबवते: लॅम्डा, १ ± ०.०३.

वरच्या ओळी सरळ आहेत. भारत स्टेज चार या प्रदूषण-मानकाच्या गाडीला, नुसती चालू ठेवली असता, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हायड्रोकार्बन २०० पीपीएम. याच्या वर जाऊ नका, एवढंच त्या सांगतात. लॅम्डा मात्र दोन्हीकडून बांधते. लॅम्डा एक म्हणजे पेट्रोल पुरतं जळायला लागते नेमकी तेवढी हवा, एका किलोला सुमारे १४.७ किलो. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड उरतो. जास्त झाली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजन ऑक्साइड फोडता येत नाही. तिन्ही विषं एकदम निवळतात ती या चिंचोळ्या फटीतच.

आणि त्या ओळीचा जीव ± या चिन्हात आहे. एंजिन एकावर कधीच स्थिर नसतं. बऱ्याच गाड्यांत त्याचा संगणक हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाब-तापमानावरून किती हवा शिरेल याचं गणित आधी मांडतो. ऑक्सिजन सेन्सर मागाहून चूक सांगतो, मग पेट्रोल किंचित घटतं, किंचित वाढतं. हा अखंड शोध नियम लिहिणाऱ्याने ओळखला आणि त्याला जागा ठेवली. किती समजूतदार लेखन!

माशेलकर समितीच्या अहवालावर आधारलेल्या २००३ च्या वाहन-इंधन धोरणातून हैदराबादेत १ एप्रिल २०१० ला भारत स्टेज चार आलं. तेव्हापासूनच्या गाड्यांची शिस्त या ओळीत मावली आहे.

खुपतं ते न लिहिलेलं. नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा या कागदावर नाहीच. लॅम्डा तो फक्त सुचवते. तो वायू एंजिनवर भार आला, आतली आग तापली की जास्त तयार होतो, म्हणजे इथून पी. व्ही. नरसिंहराव एक्स्प्रेसवे चढताना. व्हॅनपाशी गाडी न्यूट्रलमध्ये उभी असते. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी लागू झाली. आपल्या जुन्या गाडीचा कागद अपुराच राहिला, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी आहे ते वाचा. लॅम्डा १.०३ च्या वर दिसली तर सायलेन्सरच्या पाइपला गळती आहे का, ऑक्सिजन सेन्सर बिघडलाय का, हे त्याच आठवड्यात मेकॅनिककडून बघून घ्या.