मोठ्यांचें चित्रपुस्तक आणि मुलांचें चित्रपुस्तक

कुटुंबांतील सर्वांनीं मिळून पाहण्याजोगा चित्रपट कोणता, असा प्रश्न निघाला कीं त्याचें उत्तर बहुधा नकारार्थीच देण्यांत येतें. ज्यांत मारामारी नाहीं, अभद्र भाषा नाहीं, मृत्यूची छाया नाहीं व शक्य तर दुःखही नाहीं, तो चित्रपट कौटुंबिक! ही व्याख्या आम्हांस फार दिवसांपासून खटकत होती. नुकतेच दोन जपानी चित्रपट आम्हीं घरांतील लहानथोर मंडळींसमवेत पाहिले, आणि ती व्याख्या चुकीची आहे अशी आमची खात्री झाली. पहिला यासुजिरो ओझू यांचा १९३२ सालचा कृष्णधवल मूकपट; दुसरा हायाओ मियाझाकी यांचा १९८८ सालचा, हातांनीं काढलेल्या चित्रांचा ‘माझा शेजारी तोतोरो’. दोहोंमध्यें छपन्न वर्षांचें अंतर आहे. तथापि दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे. मोठीं माणसें जें झांकून ठेवतात, तें मुलांना कळलें म्हणजे काय होतें?

ओझूंच्या चित्रपटाचें नांव ‘जन्मास तर आलों, पण...’ असें असून, ‘मोठ्यांनीं पाहावयाचें चित्रपुस्तक’ असें एक उपपद त्यास जोडलेलें आहे. कचेरींत नोकरी करणारा एक गृहस्थ आपल्या साहेबाच्या घराजवळ, टोकियोच्या उपनगरांत, बिऱ्हाड करतो. त्याचे दोन मुलगे लवकरच तेथील पोरांचे म्होरके होतात. साहेबांचा मुलगाही त्यांच्या हुकमांत! त्यांनीं बोटांनीं खूण करतांच त्यानें मेल्यासारखें जमिनीवर पडावयाचें. मुलांच्या या राज्यांत पगाराला किंमत नाहीं. पण एके दिवशीं साहेबांच्या घरीं, त्यांनीं हौसेनें टिपलेलीं चित्रें पडद्यावर दाखविण्यांत येतात, आणि त्यांत आपला बाप साहेबांना हसविण्यासाठीं वेडींवांकडीं तोंडें करीत असल्याचें या भावांना दिसतें. आमच्या घरांतील मुलें प्रथम खदखदून हसलीं. मग पडद्यावरील भावंडें गप्प झालेलीं पाहून तींही गप्प झालीं. रंग कां नाहीं, आवाज कां नाहीं, हा प्रश्न त्यापुढें कोणीं विचारला नाहीं.

घरीं आल्यावर मुलें बापाला जाब विचारतात. साहेब पगार देतात, त्यावर आपण जेवतों, असें तो सांगतो. तर आम्ही जेवणारच नाहीं, असा निश्चय मुलें करतात. बालबुद्धीचा हा तर्क किती निर्दोष आहे! रात्रीं निजलेल्या मुलांकडे पाहत, यांच्याही कपाळीं असेंच जिणें आहे काय, अशी चिंता आईबाप करितात. सकाळीं आईनें आणलेले भाताचे गोळे मुलें मुकाट्यानें खातात. आणि पुढें रस्त्यांत साहेबांची मोटार दिसतांच, जाऊन नमस्कार करा, असें तींच बापाला सुचवितात. हा समेट कीं शरणागति? ओझू निर्णय देत नाहींत. आम्हांस तो पराभवच वाटतो, परंतु प्रेमानें पत्करलेला. पाहतांना आमच्यापैकीं नोकरदारांच्या माना खालीं गेल्या, हें कबूल केलें पाहिजे.

मियाझाकींच्या चित्रपटांत अपमान नाहीं, आजार आहे. सात्सुकी आणि मेइ या बहिणी विद्यापीठांत शिकविणाऱ्या वडिलांबरोबर खेड्यांतील जुन्या घरांत राहावयास येतात. आई रुग्णालयांत आहे. तिच्या आजाराचें नांवही कोठें उच्चारलेलें नाहीं. खुद्द मियाझाकींची आई त्यांच्या बालपणीं पाठीच्या कण्याच्या क्षयानें अनेक वर्षें आजारी होती, हें ज्यास ठाऊक आहे त्यास या मौनाचें मोल कळेल. प्रचंड कापूरवृक्षाच्या पोटीं राहणारा तोतोरो मुलींना भेटतो. पावसांत बसच्या थांब्यावर त्यांच्या शेजारीं उभा राहतो. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकून त्यास हर्ष होतो. त्या प्रसंगांत कथा जवळजवळ पुढें सरकतच नाहीं, आणि तरी तोच प्रसंग मनांत घर करून राहतो. मुलींनीं सांगितलेलें वडील खोटें मानीत नाहींत. त्यांना घेऊन त्या वृक्षास वंदन करतात. रुग्णालयांतून तार येते, तेव्हां आजवर घर सांभाळणारी, शहाणी, समजूतदार सात्सुकी शेजारच्या आजीपुढें रडूं लागते, आणि आई मेली तर काय, हा इतका वेळ दाबून ठेवलेला प्रश्न बाहेर पडतो. मुलांना दुःखापासून दूर ठेवूं पाहणाऱ्यांनीं हा प्रसंग अवश्य पाहावा. तें दुःख मुलींपाशीं आधींपासूनच होतें. उणीव होती ती कोणापाशीं तरी रडण्याची.

चित्रपटांत दोष नाहीं असें नव्हे. हरवलेल्या मेइचा शोध मांजराच्या रूपाच्या बसमुळें फारच सहज लागतो. संकट जितकें खरें, तितका उपाय खरा वाटत नाहीं. परंतु दिग्दर्शकानें येथेंही एक संयम पाळला आहे. झाडावर बसून मुली खिडकींतून आईस पाहतात, तिच्यासाठीं आणलेलें मक्याचें कणीस खिडकींत ठेवतात व न भेटतांच परततात. आजार बरा करण्याचें काम तोतोरोकडे सोंपविलेलें नाहीं.

हा चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजीं, इसाओ ताकाहाता यांच्या ‘काजव्यांचें थडगें’ या युद्धांत होरपळलेल्या भावंडांच्या चित्रपटासोबत, एकाच खेळांत प्रदर्शित झाला. त्या दुसऱ्या चित्रपटास लहान मुलांना नेण्याचा सल्ला आम्ही देणार नाहीं. दुःख दाखविण्यासही वयाचें प्रमाण असतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हें प्रमाण ठरवितांना दुःखाचें अस्तित्वच नाकारण्याची गरज नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांनीं विचारलें, ‘मुलांना उगाच रडवावयाचें कशाला?’ उत्तर असें कीं, मुलें एकटीं रडतात त्याहून आपल्या शेजारीं बसून रडलेलीं बरीं. ओझूंनीं आपलें चित्रपुस्तक मोठ्यांसाठीं म्हणून काढलें, तें मुलांना समजलें. मियाझाकींनीं मुलांसाठीं काढलें, तें पाहतांना आमचा चष्मा ओला झाला. ज्या चित्रपटाचा पडदा मिटल्यावर मुलें आईबापांना प्रश्न विचारतात आणि आईबापांना खरें उत्तर द्यावेंसें वाटतें, त्यासच आम्ही यापुढें कौटुंबिक म्हणूं.