बर्फ पडला की दहिवर धरले?

हिवाळ्यात थंडीचा कडाका वाढला, की नंदुरबार जिल्ह्यातील डाब, तोरणमाळ या सातपुड्यातील गावांविषयी एक बातमी हमखास वाचायला मिळते : 'सातपुड्यात बर्फ पडला'. कधी 'बर्फवृष्टी' असा शब्दही असतो. सोबतच्या छायाचित्रात गवतावर, गाडीच्या टपावर पांढरा थर दिसतो. छायाचित्र खरे असते. शब्द चुकीचा असतो. ही चूक केवळ भाषेची आहे, असे आम्हांला वाटत नाही.

वृष्टी ढगांतून होते, मग ती पावसाची असो, हिमाची असो वा गारांची. डाबचे गवत पांढरे होते ती रात्र मात्र निरभ्र आणि वारा पडलेली असते. ढगांचे पांघरूण नसल्याने जमिनीची उष्णता भराभर निघून जाते व पाने भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. थंड, जड हवा उतारावरून येऊन खोलगट भागात साचते. गार पानावर बाष्पाचे पाणी झाले, तर ते दव. पानाचे तापमान 0 अंश सेल्सिअसखाली गेले, तर दव गोठते किंवा बाष्पापासून थेट बर्फाचे कण तयार होतात, ते दहिवर. दहिवर वरून पडत नाही, जागच्या जागी धरते.

'तापमापक 3-4 अंश दाखवत असताना बर्फ कसा?' असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. तो रास्त आहे. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो, गवताच्या पात्याचे नव्हे.

'दवबिंदू गोठले' ही शब्दयोजना त्या मानाने बरी. पण भूगोलात दवबिंदू हे एका तापमानाचेही नाव आहे. हा दुहेरी अर्थ वर्गात स्पष्ट करायला हवा.

शब्दाच्या निवडीवर उपाय अवलंबून आहे. बर्फ आभाळातून पडला म्हटले, की शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. दहिवर म्हटले, की सायंकाळचे निरभ्र आकाश आणि पडलेला वारा ही धोक्याची सूचना ठरते. मग रोपे गवताने झाकता येतात, पिकाला हलके पाणी देता येते. ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठवते. नुकसान पूर्ण टळेलच असे नाही, पण कमी होऊ शकते.

दोष केवळ वार्ताहरांचा नाही. दव, दहिवर, धुके ही एक यादी आणि पाऊस, हिम, गारा ही दुसरी, असे आपणच पाठ करून घेतो. दोन याद्यांमधला फरक मात्र दाखवत नाही. त्यासाठी पत्र्याचा एक डबा पुरे. त्यात ठेचलेला बर्फ व त्याच्या सुमारे एक तृतीयांश मीठ घालून ढवळावे. बाहेरची बाजू आधी कोरडी पुसून घ्यावी. हवा दमट असेल, तर थोड्याच वेळात तिथे आधी दव व मग पांढरे दहिवर दिसू लागेल.

पुढच्या हिवाळ्यात 'बर्फ पडला'चे कात्रण वर्गात न्यावे आणि मुलांना एवढेच विचारावे : त्या रात्री आभाळात ढग होते का?