देऊन पाहून राहिले, का बरं करून राहिले?

नागपूरच्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात मावशी बाकावर बसली होती आणि मी उभ्यानेच तिला संमतीपत्र वाचून दाखवत होतो. सहा पानं, बारीक टाइप. गाव सिंदेवाही तालुक्यातलं, आम्ही पहाटेच्या बसने निघालेलो. तिच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आदल्या आठवड्यात आला होता आणि डॉक्टरांनी एका संशोधनात सहभागी होता येईल असं सुचवलं होतं. 'यादृच्छिक पद्धतीने वाटप' या शब्दांपाशी मी अडखळलो. मराठीत एम.ए. करतोय मी, तरी अडखळलो. मावशीने हातानेच मला थांबवलं.

"बापू, एक सांग. हे औषध देऊन पाहून राहिले, का मले बरं करून राहिले?"

त्या सहा पानांत या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचेल अशा भाषेत नव्हतं. तेव्हापासून मी कॅन्सरच्या संशोधनाविषयी मराठीत जे जे लिहिलेलं दिसतं, ते एखादी कथा किंवा अनुवाद वाचावा तसं वाचतो. हे लिहिणारा कोणाशी बोलतोय? काय गाळतोय? कशाच्या मागे लपतोय?

या लेखनाच्या दोन तऱ्हा दिसतात. पहिली मथळ्याची. जून 2022 मध्ये न्यूयॉर्कहून बातमी आली की डोस्टारलिमॅब या औषधाने गुदाशयाच्या कॅन्सरचे बाराच्या बारा रुग्ण गाठमुक्त झाले. शस्त्रक्रिया नाही, केमो नाही, रेडिएशन नाही. बातमी खरी होती आणि मोठीही होती. आपल्या फोनवर आली तेव्हा मात्र तिच्यासोबत 'चमत्कार' होता, 'शंभर टक्के' होतं, आणि एक गोष्ट नव्हती. पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते, त्यात चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी एक यंत्रणा पेशीतच असते. या बाराही जणांच्या गाठींमध्ये ती यंत्रणा बिघडलेली होती. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी साधारण 5 ते 10 टक्केच असतात. म्हणजे हे औषध शंभरातल्या पाच-दहा जणांसाठी होतं. उरलेल्या नव्वद जणांच्या घरी मथळा पोचला, ते वाक्य पोचलं नाही.

दुसरी तऱ्हा संमतीपत्राची. तिथे चमत्कार नसतो, तिथे संस्कृत असतं. 'प्रमाणित उपचार', 'प्रतिकूल घटना', 'यादृच्छिक'. प्रत्येक शब्द तपासला तर बरोबर निघतो, पण सगळे मिळून एक भिंत होते. नियम सांगतो की ज्याला वाचता येत नाही त्याच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर हवा. साक्षीदार हजर राहील, पण 'यादृच्छिक' त्यालाही कळलं नाही तर तो साक्ष कशाची देणार? आणि गडचिरोलीच्या दक्षिणेकडून, भामरागडहून, घरात माडिया बोलणारी बाई आली तर तिच्यासाठी आपली सोपी मराठीसुद्धा परभाषाच असते.

मथळा खोटं बोलत नाही, संमतीपत्रही बोलत नाही. दोघंही समोरच्याशी बोलत नाहीत, एवढाच दोष आहे. मथळ्याला क्लिक हवा असतो, संमतीपत्राला सही.

मग याहून वेगळं काही होतं का? झालेलं आहे, आणि आपल्याच भागात. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 च्या वर गेले तर धोका. पण मोजणार कोण? गावातल्या ज्या दायांनी हे करायचं, त्यांना एवढी मोजणी येत नव्हती. तेव्हा एक साधं उपकरण बनवलं गेलं : मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची रांग. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पाच हिरवे, सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून उपचार करायचे. मोठ्या बाळासाठी वेगळी रांग, तिच्यात चार हिरवे आणि पाचवा लाल.

मला हे उपकरण मराठीतल्या उत्तम अनुवादांपैकी एक वाटतं. त्यात 60 हा आकडा गाळलेला नाही, 'श्वास जोरात चालला की' असा पातळही केलेला नाही. तो दाईच्या बोटांना कळेल अशा रूपात आणला आहे. कॅन्सरविषयी लिहिणाऱ्यांसाठी माझी कसोटी हीच. आकडा सोडू नका, त्याला रुग्णाच्या मापात आणा.

स्तनाच्या कॅन्सरचं एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या टाटा मेमोरियलने भारतातल्या 11 केंद्रांवर 1583 स्त्रियांसह केलेला प्रयोग 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, दाढ काढताना देतात तेच बधिर करणारं स्वस्त इंजेक्शन. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के स्त्रिया हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी 86 टक्के. मथळा म्हणेल, 'स्वस्त इंजेक्शनने कॅन्सरवर मात'. मावशीच्या मापात ते असं : शंभर जणी घेतल्या तर शहाऐंशी इंजेक्शनशिवायही जगल्या असत्या, चार जणी त्याच्यामुळे जास्त जगल्या, दहा जणी ते घेऊनही गेल्या. आणखी एक वाक्य जोडायलाच हवं. हा प्रयोग आधी शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियांवर होता. गाठ मोठी होईपर्यंत घरीच राहिलेल्या आणि म्हणून आधी केमो घ्याव्या लागणाऱ्या बाईला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं उदाहरण तर खास आपल्या भागाचं आहे, जरी संशोधन बाहेरचं असलं तरी. शस्त्रक्रियेनंतरची केमो सहा महिने द्यायची की तीन, हे सहा प्रयोगांतल्या बारा हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं गेलं. निष्कर्ष 2018 मध्ये आले. सगळ्यांसाठी 'तीन पुरे' असं सिद्ध झालं नाही. पण तिसऱ्या टप्प्यातल्या, कमी जोखमीच्या रुग्णांना गोळ्या आणि इंजेक्शन अशी जोडी दिली तर तीन महिने जवळपास तितकेच उपयोगी ठरले. हातापायांना त्रासदायक मुंग्या आणि बधिरपणा सहा महिने औषध घेणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांना झाला, तीन महिने घेणाऱ्यांत सुमारे सहातल्या एकाला.

संशोधन अहवालात हा 'दुष्परिणामांचा तक्ता' असतो. झाडीपट्टीत त्याचा अर्थ काय? बधिर बोटांनी रोवणी कशी करायची? तेंदूपत्त्याची 70 पानं मोजून पुडकं कसं बांधायचं? आणि तीन महिने कमी म्हणजे नागपूरच्या तितक्या फेऱ्या कमी, तितकी बुडालेली मजुरी कमी. हा फरक डॉक्टर सांगतीलच असं नाही, कारण तो कोणत्याही तक्त्यात नसतो. तो तुला-मला सांगावा लागेल, कारण घरातला स्मार्टफोन आपल्या हातात आहे आणि वाचून दाखवायचं काम आपल्याकडेच येतं. पुढच्या वेळी 'कॅन्सरवर औषध सापडलं' असा मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी एवढं शोध : कोणत्या रुग्णांवर, किती जणांवर, कशाशी तुलना करून, आणि शंभरातल्या किती जणांना फरक पडला.

'यादृच्छिक'ला मी शेवटी 'चिठ्ठी टाकून' म्हटलं. शब्द सोपा, पण त्याने मावशी बिथरली. "म्हंजे माह्या जिवाची चिठ्ठी?" सोपा शब्दसुद्धा एकटा पुरत नाही, त्याचं कारणही सांगावं लागतं. कोणाला कोणतं औषध हे डॉक्टरने ठरवलं तर तो नकळत आपल्या मनातल्यांना झुकतं माप देईल, आणि मग नवं औषध खरंच चांगलं की नाही हे कधीच कळणार नाही. म्हणून चिठ्ठी. हे तिला पटलं.

मग तिने तिचा प्रश्न थेट डॉक्टरांनाच विचारला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दोन्ही, बाई. नेहमीचा इलाज तुम्हाला मिळणारच आहे. त्याच्यासोबत नवं औषध देऊन फायदा होतो का, ते आम्हाला अजून माहीत नाही, म्हणून पाहतोय." तिने एक रात्र मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सही करताना पेन हातात धरून तिने विचारलं, "मंधात सोडावं वाटलं त सोडता येते ना?"

येतं. ते चौथ्या पानावर लिहिलेलं होतं.