शब्दप्रामाण्य आणि पंडिता रमाबाईंचे बायबल-वाचन

एखादा धर्मग्रंथ अक्षरशः सत्य मानावा की नाही, हा वाद महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात मोठ्या हिरिरीने झाला. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांच्यात वादसभा झाली आणि १८५७ च्या आरंभी विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी उघड चर्चा केली. या वादांचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मिशनरी पुराणकथा अक्षरशः घेऊन त्यांतील विसंगती दाखवीत. उलट बाजूचे पंडित तीच कसोटी बायबलमधील सृष्टिकथेला व चमत्कारांना लावीत. अक्षरार्थ हे दोन्ही पक्षांच्या हातांतील शस्त्र होते. स्वतःच्या ग्रंथाला मात्र ते लावण्याची तयारी क्वचितच कोणी दाखविली. ती तयारी ज्यांनी दाखविली त्यांत पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) स्थान अग्रगण्य आहे, आणि म्हणूनच त्यांचे बायबल-वाचन स्वतंत्र विचारास पात्र ठरते.

रमाबाईंविषयीच्या लेखनात या वाचनाचे सरळ दोन भाग पाडण्याचा प्रघात आहे. पहिला भाग इंग्लंडमधील प्रश्नशील, स्वतंत्र बुद्धीच्या विदुषीचा; दुसरा केडगावच्या श्रद्धाळू मिशनचालिकेचा. पहिली रमाबाई पुरोगामी समीक्षकांना प्रिय, दुसरी मिशनच्या चरित्रकारांना. एकीकडे दुसरा भाग हा बुद्धीचा पराभव ठरतो, तर दुसरीकडे पहिला भाग हा केवळ बाल्यावस्थेतील गोंधळ ठरतो. या दोन्ही मतांत एक समान उणीव आहे. अक्षरप्रामाण्य म्हणजे एकच एक गोष्ट आहे असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. वस्तुतः त्यात निदान दोन प्रश्न गुंतलेले आहेत: ग्रंथाचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अर्थ वाच्यार्थच असावा काय. पहिल्या प्रश्नाचे रमाबाईंचे उत्तर आयुष्यभर बदलले नाही. बदल झाला तो दुसऱ्याच्या बाबतीत.

हा भेद भारतीय शास्त्रपरंपरेला अपरिचित नाही. नैयायिकांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो आप्त वक्त्यामुळे. मीमांसकांच्या मते वेद प्रमाण आहे तो त्याला कोणी कर्ताच नसल्यामुळे. परंतु वेदाला अपौरुषेय मानणाऱ्या या मीमांसकांनीच वेदातील प्रत्येक वाक्य वस्तुस्थितीचे कथन आहे असे मानले नाही. वायू ही अतिशय शीघ्रगामी देवता होय, असे सांगणारे वाक्य वायूचा वेग कळविण्यासाठी नसून त्या देवतेसाठी सांगितलेल्या यागाची स्तुती करण्यासाठी आहे. त्याचे प्रामाण्य विधीच्या आश्रयाने येते, स्वतंत्रपणे नव्हे. अशा वाक्यांना त्यांनी अर्थवाद म्हटले. साहित्यशास्त्रानेही गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे या वाक्यात मुख्यार्थाचा बाध दाखवून लक्षणेने तीराचा बोध करून दिला. तात्पर्य, ग्रंथ प्रमाण मानणे आणि त्यातील प्रत्येक वाक्य वाच्यार्थाने घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. युरोपातही हा प्रश्न जुनाच आहे. शेवटच्या भोजनात ख्रिस्ताने भाकरीला आपले शरीर म्हटले ते वाच्यार्थाने की लक्षणेने, यावर १५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचे एकमत होऊ शकले नाही. दोघेही बायबलला प्रमाण मानणारेच होते.

रमाबाई या प्रश्नाकडे आल्या त्या पोथीतून नव्हे, अनुभवातून. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणकथन करीत तीर्थोतीर्थी हिंडले. तीर्थमाहात्म्यांनी सांगितलेली व्रते, स्नाने, दाने सर्व यथाशास्त्र झाली. संचित द्रव्य त्यात संपले. आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, मागोमाग थोरली बहीणही गेली. हा वृत्तांत रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिला आहे. पुराणांची फलश्रुती अक्षरशः खरी मानण्याची किंमत त्यांच्या घराने अशी दिली होती. मीमांसकाने फलश्रुतीला स्तुतिपर म्हणून बाजूस सारले असते. पण तीर्थावर कथा ऐकणाऱ्या श्रोत्याला हा विवेक कोणी सांगत नाही. अर्थवादाचे ज्ञान पंडिताकडे आणि अक्षरार्थाचे ओझे भाविकाकडे, ही विभागणी रमाबाईंनी जवळून पाहिली होती. पुढे बायबलच्या बाबतीत त्यांनी जो आग्रह धरला त्याचे मूळ येथे शोधावे लागते.

१८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे यजमान असलेला भगिनीसंघ अँग्लिकन पंथातील उच्च-चर्च परंपरेचा होता. तेथे बायबल प्रमाण होते, पण त्याचा अर्थ चर्चच्या परंपरेतून आणि धर्मसूत्रांतून घ्यावयाचा होता. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी केलेला पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. त्यात त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, अथानेशियसचे धर्मसूत्र यांविषयीच्या त्यांच्या शंका स्पष्ट दिसतात. कन्या मनोरमा हिला कोणते धर्मशिक्षण द्यावे हा त्या वादातील सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा होता. आपल्याला जे पटलेले नाही ते मुलीला सत्य म्हणून शिकविले जाऊ नये, अशी आईची भूमिका होती. हा वाद केवळ तात्त्विक राहिला नव्हता, हे यावरून उघड होते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट समीक्षकांच्या नजरेतून निसटते. या पत्रांतील रमाबाई बायबलच्या अक्षराविरुद्ध लढत नाहीत. बायबलचे अक्षर हाती घेऊन त्या चर्चच्या सूत्राविरुद्ध लढतात. जे मूळ ग्रंथात स्पष्ट सापडत नाही ते मानण्याचे बंधन आपल्यावर नाही, हा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे ज्या काळाला बुद्धिवादी म्हणून गौरविले जाते त्याच काळात त्यांची अक्षरनिष्ठा सर्वाधिक धारदार होती. बिशप कोलेन्सो यांनी १८६२ पासून पंचग्रंथातील संख्या व घटना तपासून त्यांच्या ऐतिहासिकतेवर जो प्रहार केला, त्या जातीची ही टीका नव्हे. कोलेन्सोंनी ग्रंथाला प्रश्न केला. रमाबाईंनी ग्रंथाच्या रक्षकांना प्रश्न केला.

१८९१ च्या सुमारास झालेल्या आध्यात्मिक परिवर्तनानंतर त्यांनी बायबल ईश्वरप्रेरित म्हणून मनोभावे स्वीकारले, यात संशय नाही. तथापि त्यानंतर त्यांनी जे कार्य हाती घेतले ते शरणागत मनाचे लक्षण मानता येत नाही. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, त्यातील कित्येक शब्द हिंदू कल्पनांनी भारलेले आहेत आणि अल्पशिक्षित स्त्रीला ते कळत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून हिब्रू व ग्रीक मुळांचा आधार घेऊन सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी त्या आयुष्याच्या अखेरपर्यंत खपल्या. मुक्ती सदनातील स्त्रियांनीच खिळे जुळविले आणि छपाई केली. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये बाहेर पडला. वाँटेजला जो अधिकार त्यांनी स्वतःसाठी मागितला होता, तो आता अक्षरओळख झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या हाती देण्याचा हा उद्योग होता. पंडिताकडे अर्थ आणि भाविकाकडे ओझे, ही जुनी विभागणी मोडण्याचाच तो मार्ग होय.

परंतु या उद्योगातच अक्षरप्रामाण्याची मर्यादाही उघडी पडते. भाषांतरकाराला प्रत्येक पावली निवड करावी लागते. हिब्रूतील ‘रूआख’ या एका शब्दात वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ नांदतात. उत्पत्तीच्या आरंभी पाण्यावर जे संचार करते ते यांपैकी काय, हे मराठीत ठरवावेच लागते. यशयाच्या सातव्या अध्यायातील ‘अल्मा’ या शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतराने तेथे कुमारी हा शब्द घातला आणि मत्तयाने त्याच शब्दावर आपली कथा उभारली. अशा स्थळी अक्षरशः भाषांतर म्हणजे काय? संस्कृत शब्द टाळून साधा शब्द घेतला तरी साधा शब्दही संस्काररहित नसतो. देव हा शब्द घ्यावा तर अनेक देवांची आठवण येते, परमेश्वर घ्यावा तर वैष्णव-शैव परंपरा सोबत येते. सोपेपणा हा पारदर्शकपणा नव्हे. रमाबाईंच्या भाषांतराचे मोठेपण त्यामागील वाचकाविषयीच्या आदरात आहे. शब्दामागील अर्थ निर्लेप काढता येईल हा त्याचा विश्वास मात्र टिकणारा नाही. चर्चच्या उपासनेत ते भाषांतर फारसे रूढ झाले नाही, पण त्याची योग्यता तेवढ्यावरून ठरविणे अन्यायाचे होईल.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ग्रंथ आणि वाचक यांमध्ये कोणी असू नये असे म्हणणाऱ्या रमाबाई स्वतःच एका संस्थेच्या सर्वाधिकारी झाल्या. शारदा सदन १८८९ मध्ये धर्मविषयक तटस्थतेच्या आश्वासनावर निघाले. १८९३ मध्ये पुण्यात त्यावरून वादळ उठले आणि सल्लागार मंडळातील सुधारक बाजूला झाले. केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे आलेल्या दुष्काळग्रस्त मुलीने बायबलला तेच प्रश्न करावेत, जे रमाबाईंनी जेराल्डीन यांना केले, एवढी मोकळीक संस्थेच्या रचनेत कितपत संभवते? हा प्रश्न विचारणे म्हणजे रमाबाईंचीच कसोटी रमाबाईंना लावणे होय.

या संदर्भात दोन समकालीन उत्तरे तुलनेस घेण्यासारखी आहेत. जोतीराव फुले यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त कोणत्याही एका धर्मग्रंथात सर्वकालीन संपूर्ण सत्य असू शकत नाही असे प्रतिपादिले आणि एकाच कुटुंबातील व्यक्तींनी वेगवेगळे धर्म खुशाल स्वीकारावेत अशी कल्पना मांडली. दुसरे उत्तर धोंडो केशव कर्वे यांचे. शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी त्यांनी १८९३ मध्ये विवाह केला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. आज त्या परिसराला कर्वेनगर म्हणतात. शारदा सदनाचा धडा कर्व्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांनी आश्रमात ग्रंथाचा वाद येऊच दिला नाही, पुनर्विवाहाची चळवळही आश्रमापासून अलग ठेवली आणि रूढ आचाराला धक्का लागणार नाही अशी दक्षता घेतली. संस्था त्यामुळे वाढली, १९१६ मध्ये तिच्यातून महिला विद्यापीठ उभे राहिले. परंतु प्रमाण कोणते, हा प्रश्न त्याने सुटला नाही. तो दाराबाहेर ठेवला गेला.

फुल्यांनी ग्रंथाचे प्रामाण्य नाकारले, कर्व्यांनी त्याचा विषय टाळला, रमाबाईंनी तो ग्रंथ मुळाक्षरांपर्यंत उकलून वाचकाच्या हाती दिला. या तिन्हींत रमाबाईंचा मार्ग सर्वांत विसंगत दिसतो, कारण अक्षरावरील श्रद्धा आणि वाचकाचे स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र धरल्या. मात्र ही विसंगती प्रामाणिक वाचनाची आहे. बायबल अक्षरशः सत्य आहे काय, या वादात त्यांचे नाव कोणत्याही एका पक्षाच्या साक्षीदारांत घालणे योग्य ठरणार नाही. अक्षर सत्य मानावयाचे असेल तर ते स्वतः वाचता आले पाहिजे, ही त्यांची अट होती. आणि ती मान्य केली की वाचणाऱ्याला नकार देण्याचाही हक्क आपोआप प्राप्त होतो. रमाबाईंनी तो हक्क वाँटेजला बजावला, केडगावला त्याचे साधन छापले. त्या साधनाबरोबर तो हक्कही तेथील वाचक स्त्रियांना दिला गेला काय, या निकषावरच त्यांच्या कार्याचे यापुढील मूल्यमापन व्हावयास हवे.