पन्हाळ्यावरचा झुणका आणि आज्ञापत्र

मराठी दुर्गलेखनाचा एक क्रम ठरून गेला आहे. आधी वाट, मग दरवाजा, मग इतिहास, मग तटावरून दिसणारा सूर्यास्त आणि शेवटच्या परिच्छेदात झुणका-भाकरी. लेखक त्या जेवणाला ‘अमृततुल्य’ म्हणतो, वाढणारीला ‘मावशी’ म्हणतो आणि गड उतरतो. पन्हाळ्याविषयी मिळेल ते लिखाण मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्यात भाकरीचे कौतुक जागोजाग सापडते; भाकरी कसल्या पिठाची होती, हे क्वचितच.

एरवी ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देता आली असती. पन्हाळ्याच्या बाबतीत ती किरकोळ नाही. कोल्हापूरपासून सुमारे 20 किलोमीटरवरचा हा गड ओसाड अवशेष नाही, नांदते गाव आहे. इथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, घरे आहेत. तरीही आपले लेखक तीन दरवाजापाशी भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना इतिहासाच्या बाहेर बसवतात. जणू इतिहास दरवाजाच्या दगडात आहे आणि परातीतल्या पिठात नाही.

आता अंबरखाना पाहा. गंगा, यमुना, सरस्वती अशी या कोठारांची नावे. सर्वांत मोठ्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. बाहेरच्या अंगाने जिना चढून छतावर जावे, तर तिथे कमानींच्या माथ्यावर भोके दिसतात. धान्य वरून ओतायचे, ही त्यातली युक्ती. त्या धान्यात वरी, नाचणी आणि भात यांची नावे येतात. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत चालला. त्या चार महिन्यांवर कादंबऱ्या, पोवाडे, चित्रपट झाले, पण बहुतेक सगळ्यांचा जीव शेवटच्या एका रात्रीत गुंतलेला. ती रात्र मोठी आहे, वादच नाही. पण तिच्या आधीच्या सगळ्या रात्री गडावर चूल पेटत होती म्हणूनच ती रात्र उगवली, हे कोण लिहिणार?

लिहिणारा एक होता, आणि त्याची समाधी याच गडावर आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ 1715च्या सुमाराचे. त्यातले दुर्गप्रकरण आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचतो. मला ते घर चालवणाऱ्या माणसाचे लिखाण वाटते. गड बांधण्याआधी पाणी पाहा, एका झऱ्यावर विसंबू नका, कोठारांना आग, उंदीर, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव होऊ देऊ नका, अशी त्याची काळजी आहे. आणि एक सूचना तर अशी, की ती वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसलो होतो. गडाच्या वाटांवर, बाजारात, तटावर केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न फेकता जागोजागी जाळावा आणि त्याची राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करावा. म्हणजे अमात्यांच्या गडात बाजार आहे, घरे आहेत, परसे आहेत, परसात भाजी आहे. गड म्हणजे हे सगळे मिळून.

उलट बाजूचा भाबडेपणाही तितकाच खटकतो. गडावरचे ताट ‘शिवकालीन’ ठरवण्याची घाई अनेकांना असते. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेली. आजच्या खर्ड्याचे वय त्यावरून जपूनच सांगावे. तांबडा-पांढरा रस्सा आज कोल्हापूरच्या नावाने गडावरही मिळतो, पण त्याची वाट वेगळी आणि झुणक्याची वेगळी. झुणका-भाकरीला तर 1995नंतर सरकारी योजनेने एक रुपयाचा भाव लावला आणि ती राजकारणाची निशाणी झाली. या सगळ्या थरांसकट ते ताट वाचायला हवे. चव घेऊ नये असे नव्हे. जोंधळ्याची गरम भाकरी, कोरडा झुणका, वर कांदा आणि दही हे तटावरच्या वाऱ्यात खाल्ल्याशिवाय पन्हाळ्यावर लिहूच नये, या मताचा मी आहे.

2025च्या जुलैत मराठा लष्करी वास्तूंचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात पन्हाळा आहे. आनंदच आहे. पण वारशाची भाषा दगडाला सरावलेली असते. दरवाजा, कोठार, तट यांची मोजमापे नीट होतात. चूल मांडून बसलेली बाई त्या नकाशात फार तर ‘अतिक्रमण’ म्हणून येऊ शकते. अशा वेळी गडाची बाजू सांगणारे लिखाण हाताशी लागते, आणि आपल्याकडे आहेत ती सूर्यास्ताची वर्णने. कोणती धान्ये गडाखालच्या कोणत्या गावांतून वर येतात, पीठ कुठे दळले जाते, पाणी कोण भरते, किती पिढ्यांच्या बायका तिथे बसतात, या प्रश्नांची उत्तरे अजून त्या दरवाजापाशी बसून विचारता येतात.