चाल कुणाची? एक नाताळगीत, ल्यूट आणि नगरची पदं

नगरच्या मराठी चर्चमध्ये नाताळ जवळ आला की एक वाद हमखास निघतो. एक म्हणतो, इंग्रजी चाली म्हणजे मिशनऱ्यांनी आणलेलं परकं संगीत. दुसरा म्हणतो, उपासनेच्या खऱ्या चाली त्याच. पेटी-ढोलकीवरची भजनं नंतरची. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. चालीला जन्मदाखला असतो, असं दोघंही धरून चालतात.

एक उदाहरण बघा. ‘व्हॉट चाइल्ड इज धिस’ हे नाताळगीत तुम्ही ऐकलं असेल. शब्द विल्यम डिक्स यांचे, १८६५चे. चाल मात्र ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ची, आणि ते मूळचं प्रेमगीत! त्या नावाच्या गाण्याची लंडनमध्ये नोंद झाली १५८० साली. १६४२च्या एका छापील संग्रहात त्याच चालीवर नव्या वर्षाचं गाणं आहे. म्हणजे जिला आपण ‘चर्चची चाल’ म्हणतो, ती बाजारातून आलेली.

मग ती टिकली कशी? इथे ल्यूट येतं. अरबी ऊदच्या कुळातलं, फुगीर पोटाचं आणि मानेवर पडदे असलेलं हे तंतुवाद्य. हौशी वादक वहीत चाली उतरवून ठेवायचे. आडव्या रेघा म्हणजे तारा, त्यांवरची अक्षरं म्हणजे पडदे. बोट कुठे ठेवायचं एवढंच ही लिपी सांगते, पण तेवढ्यावर आज चाल वाजवता येते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असलेल्या विल्यम बॅलेच्या वहीत ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ सापडते.

म्हणून ‘ही चाल ल्यूटवर जन्मली’ असं म्हणायचं का? माझं उत्तर: नाही. तिच्याखाली खर्जातल्या सुरांचे जे साचे चालतात (पासामेझो अँटिको आणि रोमानेस्का), ते सोळाव्या शतकात कितीतरी गाण्यांना वापरलेले आहेत. जात्यावरच्या ओवीचं जसं, ठेवण तीच आणि प्रत्येकीची ओवी वेगळी, तसंच काहीसं. ल्यूटची वही ही चालीची साक्षीदार आहे, आई नव्हे.

आता नगरकडे या. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१पासून; ‘ज्ञानोदय’ इथेच १८४२ साली सुरू झालं. कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाचा बाज ख्रिस्ती उपासनेत आणला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी नगरच्या वास्तव्यात अभंग, ओव्या, पदं रचली. त्यांनी केलं तेही इंग्रजांसारखंच: लोकांच्या ओठांवर असलेलं घेतलं आणि त्यात नवे शब्द भरले.

जुन्या मराठी पदांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असं लिहून दुसऱ्याच एका गाण्याचं नाव दिलेलं असतं. लंडनच्या रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या कागदांवरही अगदी हेच असायचं: ‘अमुक गाण्याच्या चालीवर’. फरक पुढे पडतो. तिकडे ते नाव घेऊन ल्यूटची वही उघडता येते. आपल्याकडे ती चाल कुणाच्या तरी गळ्यातच असते. तो गळा थांबला की छापील पद हातात राहतं आणि गाता मात्र येत नाही.

खरी तक्रार मला आम्हा अभ्यासकांबद्दलच आहे. टिळकांचे शब्द, त्यांचं वारकरी परंपरेशी नातं, यावर आम्ही पानंच्या पानं लिहितो. ‘चाल’ची ती एक ओळ मात्र ओलांडून जातो. देशी की विदेशी हा प्रश्न मग पोकळच राहतो, कारण ज्याच्याबद्दल भांडतोय ते आपण ऐकलेलंच नसतं.

तेव्हा एक विनंती. घरात आजी-आजोबा जुनी पदं म्हणत असतील, तर या नाताळात फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. पद कुणाकडून शिकले, कोणत्या गावात, आणि चाल कोणत्या गाण्याची, एवढं विचारून लिहा. सूर थोडा हलला तरी चालेल.