सपाटीकरण

सपाटीकरणाशी माझं काही वैर नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. उलट, ज्या बँकेत मी गेली वीस वर्षं खुर्ची झिजवतो आहे, तिथे जमीन सपाटीकरणाच्या कर्जाची कितीतरी प्रकरणं मी माझ्या हातांनी फायलीला लावली आहेत. आमच्या फैजपूरकडे केळीची लागवड. जमीन उंचसखल असली की पाणी एका कोपऱ्यात साचतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं झाड तहानेनं मान टाकतं. तेव्हा जमीन सपाट केलीच पाहिजे. पण सपाट करणाऱ्यानं त्याच झपाट्यात विहीरही बुजवली आणि वर "आता कसं स्वच्छ दिसतंय!" म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? संगणकाच्या पडद्याचं गेल्या बारा-तेरा वर्षांत नेमकं हेच झालं आहे.

माझ्या टेबलावरच्या संगणकाचीच गोष्ट घ्या. तो कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. नोटीस आली तर वकिलाची फी माझ्या पगारातून जाणार. एका सोमवारी सकाळी चालू केला तर महाशयांनी रूप पालटलेलं. शनिवारी संध्याकाळी सोडून गेलो तेव्हा त्याला नाक, डोळे, कान होते. सोमवारी उकडून सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत! सगळं पांढरं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं. खिडक्यांना चौकटी नाहीत. बाजूला मजकूर वरखाली करायची जी चांगली बोटभर जाड पट्टी असायची, तिच्या जागी केसाएवढी रेघ. तीही माउस जवळ नेला तर दर्शन देणार, एरवी अंतर्धान. आणि कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. आमच्या शिपायानं त्या पाहून हात जोडले. त्याला ते शंकराचं भस्म वाटलं. (ही खूण मूळची १९८१ सालच्या 'झेरॉक्स स्टार' या यंत्रातली, नॉर्म कॉक्स नावाच्या गृहस्थानं काढलेली. तिचा अर्थ 'इथे यादी आहे'. पण हे शिपायाला कुणी सांगायचं, आणि त्याला सांगण्याआधी मला कुणी सांगायचं?)

पहिल्याच आठवड्यात त्या सपाटीनं माझा घात केला. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत प्रादेशिक कार्यालयाला पाठवायचं पत्र, दुसरीत घरी हिच्याशी चाललेलं बोलणं. दोन्ही पांढऱ्याफटक. पूर्वी जी खिडकी जागी असेल तिचा माथा गडद निळा असायचा आणि बाकीच्या करड्या होऊन गप्प बसायच्या. आता दोघी जुळ्या बहिणी! परिणाम असा झाला, की प्रादेशिक कार्यालयाला "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, वांगी मोठी बघून आण, रात्री भरीत कर, मिरच्या हात राखून" असा मजकूर गेला, आणि घरी गेलं, "थकीत प्रकरणांचा निपटारा आपल्या स्तरावर करून अहवाल सादर करावा." कार्यालयाकडून वांग्यांबाबत लेखी खुलासा मागवण्यात आला. ते परवडलं. पण हिनं तो हुकूम शब्दशः अमलात आणला, आणि संध्याकाळी घरी जातो तो माळ्यावरच्या माझ्या जुन्या दिवाळी अंकांची पंधरा वर्षांची थकबाकी भंगारवाल्यानं वसूल करून नेली होती! बँकेच्या संगणकावर घरगुती पत्रव्यवहार करू नये असा नियम आहे. तो मी त्या दिवसापासून पाळतो.

वाचकहो, जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण जुनं बटण कसं बनवलेलं होतं ते एकदा बघाच. १९९८ साली बारावीच्या सुट्टीत वडिलांनी मला संगणकाच्या क्लासला घातलं. यंत्रावर 'विंडोज ९५'. आमचे सर पहिल्या दिवशी म्हणाले, "जे फुगलेलं दिसेल ते दाबायचं, जे खोलगट दिसेल त्यात लिहायचं. झाला तुमचा अर्धा कोर्स." खरोखर झाला! आणि ते फुगलेपण होतं तरी काय? करड्या चौकोनाच्या वरच्या आणि डाव्या कडेला एक पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला एक काळपट रेघ. बस्स. जणू डावीकडून, वरून ऊन पडलंय आणि वस्तू जरा वर आली आहे. बटण दाबलं की रेघांची अदलाबदल, की ते आत गेल्यासारखं दिसायचं. चार रेघांत जगातल्या कुठल्याही माणसाला कळेल असं वाक्य लिहिलेलं : 'मला दाबा.' संगणक बंद करायलाही 'स्टार्ट' हेच बटण दाबावं लागे हा विनोद तेव्हाही होता. पण बटण कुठे आहे, हा प्रश्न कुणाला पडत नसे.

मग हे बुजवलं कुणी? मायक्रोसॉफ्टनं २०१० साली आपल्या फोनसाठी एक नवी शैली आणली, 'मेट्रो' नावाची. रेल्वे आणि विमानतळावरच्या पाट्यांवरून त्यांना ती सुचली : मोठी अक्षरं, सपाट रंग, नक्षीकाम बंद. पुढे २६ ऑक्टोबर २०१२ ला 'विंडोज ८' आलं, तेव्हा टेबलावरच्या संगणकावरही त्यांनी त्याच रंगीत फरश्या बसवल्या आणि 'स्टार्ट'चं बटणच काढून टाकलं. लोकांनी एवढी ओरड केली की वर्षाच्या आत, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ८.१ बरोबर बटण परत आलं. पण दाबलं की आत पुन्हा त्या फरश्याच! उघडणारी जुनी यादी यायला २०१५ चं 'विंडोज १०' उजाडावं लागलं. इकडे ॲपलनंही सप्टेंबर २०१३ मध्ये आपला फोन इस्त्री करून सपाट केला. २०२५ मध्ये त्यांनी 'लिक्विड ग्लास' आणली : बटणं आता काचेची, आरपार दिसणारी. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून पुन्हा ओरड झाली. विहीर बुजवून झाल्यावर तिच्यावर काच बसवली, एवढाच फरक.

आता न्यायाचं बोलायचं तर सपाटवाल्यांची बाजूही आहे. आधीच्या मंडळींनी अतिरेक केला होता. ॲपलच्या कॅलेंडरला चामड्याची शिवण, पुस्तकांना लाकडी फळ्या, खेळांच्या पानाला हिरवं मखमली कापड. पडद्यावर चामडं शिवून काय मिळतं ते शिवणाराच जाणे. शिवाय पडदे नाना मापांचे झाले; तळहाताएवढा फोन आणि भिंतीएवढा टीव्ही. प्रत्येकासाठी सावल्या नव्यानं रंगवायच्या तर कामगार पुरायचे नाहीत. सपाट रंग कसाही ताणला तरी चालतो. हे सगळं कबूल. पण चामडं काढायला सांगितलं तर यांनी चामड्याबरोबर हाडंही काढली.

आणि पाट्यांचं म्हणाल, तर त्यांची तिथेच चूक झाली असं माझं नम्र मत आहे. भुसावळच्या फलाटावरची पिवळी पाटी मी लहानपणापासून बघतो. काळी ठसठशीत अक्षरं, सपाट रंग, सुंदर पाटी! पण ती पाटी आहे, तिला कुणी दाबत नाही. ती वाचायची आणि गाडीतून उतरायचं. बटण ही दाबायची चीज आहे. पाटीसारखं बटण केलं की माणूस ते वाचतो आणि पुढे काय करायचं ते न कळून फलाटावर उभा राहतो. डॉन नॉर्मन यांनी १९८८ साली एका अख्ख्या पुस्तकात हेच सांगितलंय, की ज्या दारावर 'ढकला' आणि 'ओढा' लिहावं लागतं, ते दार करणारा चुकला. आमच्या शाखेचं काचेचं दार त्यांनी पाहिलं असतं तर दुसरं पुस्तक लिहिलं असतं.

ही नुसती माझी कुरकुर नाही. २०१७ साली नील्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेनं ७१ माणसांना वेबसाइटची पानं दाखवली. काहींना बटण आणि लिंक ठळक असलेली, काहींना तीच पानं फिकट, सपाट केलेली. सपाट पानांवर लोकांना सरासरी २२ टक्के वेळ जास्त लागला. बावीस टक्के! पीककर्जाला आम्ही ७ टक्के लावतो तरी शेतकरी हिशेब तपासून बघतो. इथे तिपटीहून जास्त व्याज, तेही वेळेचं, आणि पासबुकात नोंद नाही.

सपाटवाले यावर म्हणतात, "लोक आता शिकले. बटणाला बटण म्हणून दाखवायची गरज उरली नाही." लोक म्हणजे कोण? आमच्या यावल तालुक्याचं विचारा. २०१४ साली जनधन खाती निघाली. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या, आणि ज्यांनी आयुष्यात पडद्याला बोट लावलं नव्हतं त्यांच्या हातात फोन आला. खिडकीशी येऊन फोन पुढे करायचे, "भाऊ, बटन कुठी हाये यात?" म्हणजे बघा, ज्यांना फुगलेल्या बटणाची सगळ्यात जास्त गरज होती ती माणसं जेव्हा दारात आली, त्याच्या दोन-चार वर्षं आधीच आतल्यांनी "आपल्याला तर पाठ आहे" म्हणून पायऱ्या काढून टाकल्या होत्या.

हे फैजपुरात तरी होऊ नये. १९३६ च्या डिसेंबरात याच गावी काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष. गांधीजींच्या सांगण्यावरून सजावटीसाठी शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आले. केवढा मोठा चित्रकार! पण त्यांनी तिलकनगर उभं केलं ते बांबूचं आणि गावाकडच्याच साहित्याचं. माझे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. ते सांगायचे, "गर्दीत बापाचा हात सुटला, पण कमान लांबून दिसत व्हती. तिथी जाऊन उभा राह्यलो, सापडलो." अक्षरओळख नसलेल्या पोराला कमान कमान म्हणून दिसली, एवढं त्या चित्रकारानं बघितलं होतं. त्याला नुसती पांढरी भिंत उभी करून 'साधेपणा' म्हणता आलं असतं. साधेपणा आणि सपाटपणा यांत जो फरक आहे, तो एवढाच.

हे सगळं मी कदाचित लिहिलंही नसतं. भरिताचा खुलासा देऊन झाला होता, प्रकरण मिटलं होतं. पण एका मंगळवारी खिडकीशी आमचे गुरुजी उभे दिसले. चौथीला मला पाढे शिकवलेले. पासष्टीनंतर हा माणूस आपणहून संगणक शिकला. पुण्याच्या मुलानं यंत्र आणून दिलं आणि गुरुजींनी दोनशे पानी वही घातली. "क्रिया पहिली : वरच्या उजव्या कोपऱ्यातील करडे बटण एकदा दाबणे." शेजारी बटणाची आकृती, सावलीसकट, पट्टीनं आखलेली. बँकेचे व्यवहार घरून करायचे, नातवाला पत्रं लिहायचे. पाच वर्षांत खिडकीशी आले नव्हते.

"गुरुजी, तुम्ही रांगेत?"

"अरे, यंत्र बदललं बाबा. वहीतलं एकही बटण सापडत नाही." मग जरा हळू आवाजात, मागच्याला ऐकू जाऊ नये असं, म्हणाले, "खरं सांगू? वय झालं. डोकं चालत नाही आता."

मला ते लागलं. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणणारा माणूस, आणि कुणा दूरदेशीच्या रंगाऱ्यानं चार रेघा पुसल्या म्हणून स्वतःच्या डोक्याला दोष देतो! यंत्र चुकतं तेव्हा आपण ओरडतो. यंत्र सपाट होतं तेव्हा आपल्याला लाज वाटते. माझी तक्रार आहे ती या लाजेबद्दल. २२ टक्के वेळ गेला तर जाऊ दे, आम्हा खानदेशी माणसांकडे वेळ आहे.

रविवारी गुरुजींकडे गेलो. काकूंनी आधीच एक उपाय केला होता. गुरुजींना सुरुवातीचं बटण सापडेना म्हणून पडद्यावर त्या जागी कपाळाची लाल टिकली चिकटवली होती. पण नव्या अवतारात ते बटण खाली मधोमध; आणखी दोन कामं उघडली की ते बाजूला सरकतं. टिकली जागेवर, बटण फरार! शोधशोध शोधून, सात पडदे ओलांडून, मी ते बटण जुन्या डाव्या कोपऱ्यात बसवलं. रंगांचा ठळकपणा वाढवणारी एक सोय असते, तीही एका कपाटात दडवलेली सापडली. काकूंनी टिकली उपटून कोपऱ्यात लावली. मग गुरुजींनी नवी वही काढली.

"क्रिया पहिली," ते म्हणाले, "टिकलीखालील बटण दाबणे." आकृती काढली. पट्टी घेऊन खाली आणि उजवीकडे सावली दिली. पडद्यावर ती नव्हती, पण मी काही बोललो नाही.

संध्याकाळपर्यंत चौदा क्रिया झाल्या. निघताना गुरुजींनी विचारलं, "हे पुन्हा बदलणार नाहीत ना रे?"

मी काय सांगणार! नुसता हसलो. ते समजले. वही माझ्यापुढे केली तेव्हा माझ्या लक्षात आलं, या वेळी त्यांनी सगळं पेन्सिलीनं लिहिलं होतं.